हलक्या घराला पाया जास्त लागतो

गंगापूर रस्त्याने धरणाकडे जाताना, किंवा त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीच्या आसपास, द्राक्षबागांच्या कडेला आणि नव्याने पाडलेल्या प्लॉटांवर कारखान्यात तयार झालेली घरे आता सहज दिसतात. कुठे जुना मालवाहू कंटेनर कापून केलेली खोली, कुठे पफ पॅनेलची केबिन, कुठे हलक्या पोलादी सांगाड्याचा दोन खोल्यांचा बंगला. घर ट्रेलरवर येते, हायड्रा क्रेन ते उचलून जागेवर ठेवते आणि संध्याकाळी आत पंखा फिरू लागतो. गवंडी, वाळू, सेंट्रिंग आणि पाण्याचा टँकर यांच्यामागे वर्षभर धावलेल्या माणसाला हेवा वाटावा असेच हे दृश्य असते. विकणाऱ्यालाही हे ठाऊक असते. त्याचे हुकमी वाक्य तयार असते : "साहेब, याला पाया लागत नाही. चार ठोकळे टाका, वर ठेवून देऊ."

या वाक्यात दोन आश्वासने आहेत. एक उघड : घर हलके आहे, तेव्हा जमिनीची चिंता नको. दुसरे डोळा मिचकावून दिलेले : पाया नाही म्हणजे बांधकाम नाही, आणि बांधकाम नाही म्हणजे परवानगी, बिनशेती, घरपट्टी यांची कटकट नाही. माझ्या मते दोन्ही आश्वासने खोटी आहेत, आणि पहिले तर सरळ उलटे आहे. नाशिक जिल्ह्यातल्या बऱ्याच जमिनीवर घर जितके हलके, तितका त्याच्या पायाचा विचार जास्त करावा लागतो.

हलकेपणाचे श्रेय मात्र आधी देऊन टाकतो, कारण ते मोठे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसे मेली ती मुख्यतः घरांच्या वजनाखाली. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांना बांधून ठेवणारे काही नाही, आणि डोक्यावर मातीचे जड धाबे. पेठ, सुरगाणा, दिंडोरी या भागांत अधूनमधून जमीन हलकेच थरथरते, तेव्हा पोलादी सांगाडा आणि पातळ पॅनेलच्या घरात झोपलेला माणूस दगडी घरातल्यापेक्षा निश्चिंत असायला हरकत नाही. भूकंपाचा धक्का घराच्या वस्तुमानावर बसतो. वस्तुमान कमी तर धक्का कमी. हा गुण विक्रेत्याने मोठ्या अक्षरांत छापावा. पण जमिनीतून आणि आकाशातून येणारे बाकीचे तीन जोर, म्हणजे फुगणारी माती, वारा आणि पूर, यांच्यापुढे हाच गुण दोष ठरतो.

मातीपासून सुरुवात करू, कारण नाशिकमध्ये खरे दुखणे तिथे आहे. आपल्या जिल्ह्यातल्या जमिनींची काळी, माळ, कोरळ आणि बरड अशी चार जुनी नावे शेतकऱ्याला पाठ आहेत. निफाड आणि दिंडोरीच्या सपाटीवर, गोदावरी-कादवेच्या काठाने, खोल काळी. सिन्नर, येवला, चांदवडकडे उथळ आणि मुरमाड जमिनीचे पट्टे. त्र्यंबक-इगतपुरीच्या उतारांवर लालसर मातीचा पातळ थर आणि त्याखाली लगेच कातळ. पावसाचेही तसेच : इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, तर येवल्याकडे पाचशेची मारामार. एकाच कारखान्यातून, एकाच साच्यातून निघालेली दोन घरे इगतपुरीत आणि निफाडात ठेवली तर त्यांच्या पायांत काडीचे साम्य असण्याचे कारण नाही. तरी दोघांच्या कोटेशनमध्ये तेच चार ठोकळे असतात.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज असते. त्याच्या कणांचे पापुद्रे एकमेकांवर रचलेले असतात आणि पाणी मिळाले की ते पापुद्र्यांच्या मध्ये शिरते. माती फुगते. उन्हाळ्यात पाणी गेले की आक्रसते आणि हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडतात. हे शेतात पाहिलेले सगळ्यांना माहीत असते. घराचा विषय निघाला की मात्र त्याचा विसर पडतो. आता थोडा ढोबळ हिशेब करू. वीस फुटी कंटेनर रिकामा सव्वादोन टनांचा असतो. आतले अस्तर, फरशी, मोरी, खाट, कपाट आणि माणसे धरून पाच टन म्हणू. त्याचा तळ साधारण पंधरा चौरस मीटर. म्हणजे घराचे ओझे जमिनीवर सारखे पसरले तर चौरस मीटरला टनाचा तिसरा हिस्सा. काळी माती ओली होऊन वर ढकलते तेव्हा तिचा जोर चौरस मीटरला पाच-दहा टनांचा सहज असतो, आणि चांगली तेलकट काळी असेल तर वीसच्या पुढेही जातो. मातीच्या लेखी हे घर तिथे नसल्यातच जमा आहे. त्याच मातीवर तीन मजली इमारत उभी असती तर तिच्या वजनाने मातीचा निदान काही फुगवटा दाबून धरला असता. म्हणूनच फुगणाऱ्या मातीचा सर्वांत जास्त मार जगभर बसतो तो एकमजली घरांना, कुंपणाच्या भिंतींना, रस्त्यांना आणि कालव्यांच्या अस्तरांना. उंच इमारती त्यातून बऱ्याचदा सुटतात.

सगळी जमीन सारखीच वर आली असती तर घरही लिफ्टसारखे वर गेले असते आणि कुणाचे काही बिघडले नसते. तसे होत नाही. ज्या बाजूला पत्र्याची पागोळी पडते, त्या बाजूचे ठोकळे आधी उचलतात. जिथे मोरीचे पाणी मुरते तो कोपरा वेगळा वागतो. घराच्या खालची माती सावलीत झाकलेली राहते, तिच्यातला ओलावा उडत नाही, म्हणून काही वर्षांत मधला भाग कडेपेक्षा वर येतो. शेजारी कडुनिंब असला तर तो आपल्या बाजूचे पाणी ओढून त्या बाजूला जमीन खचवतो. द्राक्षबागेत तर ठिबकच्या नळ्या एका बाजूला रोज पाणी सोडत असतात आणि छाटणीच्या आधी पाण्याचा ताण दिला जातो, म्हणजे मातीला वर्षातून ठरवून हिसके बसतात. पहिल्या पावसाळ्यानंतर दार घासू लागते. मालक सुतार बोलावून दार तासून घेतो. मे महिन्यात त्याच दाराला बोटभर फट पडते. मग पॅनेलचे सांधे उघडतात, सिलिकॉन भरले जाते, पुन्हा उघडतात. सर्वांत वाईट जागा म्हणजे जमिनीतून घरात शिरणारी पाण्याची नळी. घर हलते, नळी हलत नाही. सांधा सुटतो, पाणी झिरपते, माती आणखी फुगते. दोष कारखान्याच्या माथी मारला जातो, वेल्डिंग कच्चे होते असा निष्कर्ष निघतो, आणि ठोकळ्यांकडे कुणी पाहत नाही.

यावर मुरूम हा घरगुती उपाय सर्वांच्या जिभेवर असतो : काळी माती काढायची आणि खड्ड्यात मुरूम भरायचा. उपाय अर्धा बरोबर आहे, आणि अर्धवट केला तर काही न करण्यापेक्षा वाईट. भोवती न झिरपणारी काळी माती, मधे सैल टाकलेला झिरपणारा मुरूम, म्हणजे पावसाचे पाणी साठवायला आपण घराखाली हौद बांधला. तो हौद भरला की त्याच्या तळाची आणि कडांची काळी माती महिनोन्‌महिने भिजत राहते. हे कोडे महाराष्ट्रात फार पूर्वी सोडवले गेले आहे. पवईच्या आयआयटीत प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर बरीच वर्षे काम केले आणि दाखवून दिले की काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा साधारण मीटरभर थर नीट दाबून घातला तर खालचा फुगवटा जवळपास आवरला जातो. थर चिकट हवा. नुसत्या वाळूने किंवा खडीने ते काम होत नाही. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्यावर ही रीत वापरली गेली आणि कालव्यांच्या अस्तरांसाठी ती पुढे भारतीय मानकातही आली. तेव्हा मुरूम घालायचाच तर थोडी चिकणमाती असलेला, सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून आणि रोलर फिरवून. वर घराच्या कडेने चार-पाच फूट रुंद, बाहेर उतार असलेला कोबा. आणि पागोळीला पन्हळ. एक ट्रॉली ओतून जेसीबीच्या बकेटने दोन थापा मारल्या, याला मुरूम भरणे म्हणत नाहीत.

काळी खोल असेल, दहा-पंधरा फूट खणूनही मुरूम लागत नसेल, तर दुसरा मार्ग बरा. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने याच मातीसाठी तळाशी कंद असलेले खांब विकसित केले. जमिनीत फूटभर व्यासाचे भोक घ्यायचे, तळाशी खास अवजाराने ते अडीचपट रुंद करायचे, सळ्या आणि काँक्रीट घालायचे. खोल काळ्या मातीत हा खांब निदान साडेतीन मीटर जातो, कारण ऋतूंप्रमाणे ओलावा कमी-जास्त होतो तो साधारण तिथपर्यंत. त्याखाली माती बारा महिने एकसारखी असते. वरची माती फुगून खांबाला वर ओढू पाहते तेव्हा तळाचा कंद त्याला धरून ठेवतो. खांबांची डोकी बीमने जोडताना तो बीम जमिनीला टेकू द्यायचा नाही, खाली मोकळी जागा ठेवायची, म्हणजे मातीला फुगायला वाव मिळतो. कारखान्यातल्या घरासाठी मला हा पाया सर्वांत समंजस वाटतो. घराला हवे असतात ते मोजके, पक्के बिंदू. कंटेनरचा सांगाडा तर मुळात चार कोपऱ्यांवर भार घेण्यासाठीच बनवलेला असतो. त्याखाली जमीनभर काँक्रीटचा स्लॅब ओतणे म्हणजे पैसे नको तिथे घालणे. पातळ स्लॅब काळ्या मातीवर तुटतो आणि जाड, ताठ राफ्ट करायचा तर त्या खर्चात विटांचे घर का बांधले नाही, असा प्रश्न येतो.

त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला ही सगळी चर्चा गैरलागू आहे. तिथे दोन फुटांवर कातळ लागतो. कातळात भोक घेऊन बोल्ट बसवा, वर काँक्रीटचे छोटे खांब उभारा, काम झाले. तिथली भीती निराळी : उतारावरून येणारा पाण्याचा लोंढा आणि चार महिने घराखाली कोंडणारी ओल. घर जमिनीपासून दोन फूट तरी उंच हवे आणि खालून वारा खेळता हवा. सापाच्या भीतीने लोक ती जागा विटांनी बंद करून टाकतात आणि दोन पावसाळ्यांत तळाचे पोलाद पापुद्रे सोडू लागते. जाळी लावा, भिंत नको.

इथे एक जाणता आक्षेप येतो. आपल्या जुन्या वाड्यांचे लाकडी खांब कुठे जमिनीत पुरलेले होते? तेही दगडी तळखड्यांवर नुसते ठेवलेले. सांगाडा सुतारांनी कुसू-सालीच्या जोडांनी आधी जुळवलेला, म्हणजे एका अर्थी तेही तयार घरच. जुन्या नाशकातले वाडे पाडले जातात तेव्हा त्यांचे खांब, तुळया, दारे सुटी होऊन विकली जातात आणि दुसरीकडे नव्या घरात बसतातही. मग चार ठोकळ्यांवर ठेवलेला कंटेनर काय वाईट? आक्षेप ऐकायला गोड आहे, पण त्यात तळखड्याखाली काय होते ते सोयीस्करपणे गाळलेले आहे. तळखड्याखाली घडीव दगडाचे कंबरभर जोते होते, आणि जोत्याखाली कठीण लागेपर्यंत खणून भरलेला पाया. वर दोन-तीन मजल्यांचे, माळवदाचे आणि भिंतींचे ओझे. त्या वजनाने खांब जागचा हलत नव्हता. आपण त्यातला तळखडा तेवढा उचलला आणि जोते, खोदाई, वजन ही बाकीची तिन्ही अंगे टाकून दिली.

जमीन म्हणजे तरी नेहमी निसर्गाने घातलेली माती असते असे नाही. गोदाकाठची जुनी गढी, जिथे पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले, ती माणसाने शतकानुशतके राहून साठवलेल्या थरांची टेकडी आहे, आणि तिची कड दर पावसाळ्यात ढासळते. वरच्या घरांना दर वर्षी नोटिसा निघतात. शहराच्या कडेने आज जे प्लॉट सपाट दिसतात त्यांतले कितीतरी नाले आणि खाणी बुजवून, पाडलेल्या इमारतींचा राडारोडा टाकून केलेले आहेत. अशा भरावावर ठोकळा ठेवणे म्हणजे कशावर ठेवणे, हे ठोकळा ठेवणाऱ्यालाही सांगता येणार नाही. खड्डा खणून पाहण्याला पर्याय नाही.

आणि खणून पाहणे काही महाग नाही. दोन-तीन ठिकाणी दहा फूट खड्डे जेसीबी एका सकाळी घेतो. मातीच्या फुगीरपणाची प्राथमिक चाचणी तर शाळेच्या प्रयोगशाळेत जमेल इतकी सोपी आहे. बारीक चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन मापपात्रांत घ्यायची, एकात रॉकेल ओतायचे, दुसऱ्यात ऊर्ध्वपातित पाणी. चोवीस तासांनी दोन्हींतली मातीची पातळी वाचायची. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही. पाण्यातली माती त्याच्या दीडपट झाली असेल तर चार ठोकळ्यांचा विचार तिथेच सोडावा. ज्या शहरात दिंडोरी रस्त्यावर १९५९ पासून महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, आपली 'मेरी', राज्यभरच्या धरणांसाठी माती तपासते आहे, ज्या शहराचे पिण्याचे पाणीच गंगापूरच्या मातीच्या धरणामागे उभे आहे, तिथे लाखोंचे घर मातीला न विचारता ठेवले जावे हे मला विनोदी वाटते. द्राक्षासाठी माती-पाणी-पान-देठ सगळ्यांचे अहवाल काढणारा बागायतदारही त्याच बागेत केबिन ठेवताना अहवाल मागत नाही.

आता वारा. भारतीय मानकात नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर, धरला आहे. असा झोत रोज येत नाही. पन्नास वर्षांत एखाद्या वेळी यावा असा तो असतो, पण घर त्याच्यासाठीच तपासायचे असते. वीस फूट लांब आणि साडेआठ फूट उंच भिंतीवर तो साधारण दोन टनांच्या जोराने ढकलतो. पाच टनांचा कंटेनर त्याला पुरून उरेल. पण दोन टनांची रिकामी पफ केबिन घेतली, तर तिला उलटवणारा जोर आणि तिच्या वजनाचा धरून ठेवणारा जोर जवळपास बरोबरीला येतात, आणि छपराला वर ओढणारा वारा अजून हिशेबात धरलेलाच नाही. ठोकळ्यांवर दोन फूट उचलून ठेवली की पारडे आणखी झुकते. अवकाळीच्या वादळात द्राक्षाचे मांडव झोपलेले ज्याने पाहिले त्याला हे समजावून सांगावे लागू नये. बागेत ओळीच्या टोकाच्या खांबाला बाहेरून तार ओढून ती जमिनीत पुरलेल्या दगडाला किंवा काँक्रीटला बांधलेली असते. मांडवाला ताण हवा हे कळते. केबिनला मात्र वजनाच्या भरवशावर सोडले जाते.

अमेरिकेने हा धडा महागात घेतला. तिथे कारखान्यातली घरे कोट्यवधी माणसांचा निवारा आहेत आणि १५ जून १९७६ पासून त्यांना देशभर एकच केंद्रीय संहिता लागू आहे. ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू वादळाने दक्षिण फ्लोरिडात अशी घरे अक्षरशः भुईसपाट केली, तेव्हा १९९४ मध्ये वाऱ्याचे नियम कडक झाले आणि घराला जमिनीशी बांधून ठेवणाऱ्या पट्ट्या आणि नांगर हा विषय गंभीरपणे घेतला जाऊ लागला. पायाचा पहिला अर्थ आपण घराचे ओझे खाली पोचवणारी गोष्ट असा घेतो. हलक्या घराचा पाया त्याच्या बरोबरीने घराला खाली धरून ठेवतो, आणि ठोकळ्याला ते येत नाही.

पुराचे थोडक्यात सांगतो. तोच पाच टनांचा कंटेनर, दारे घट्ट लावलेली, फूट-सव्वा फूट पाण्यात तरंगू लागेल. पाणी आत शिरले तर खाली बसेल, पण कुठे बसेल ते सांगता येत नाही. गोदेचा पूर नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतात. पाटबंधारे खाते तो पंचवीस वर्षांच्या निळ्या आणि शंभर वर्षांच्या लाल रेषेने मोजते. लाल रेषेच्या आत तयार घर ठेवण्याचा मोह ज्याला होतो, आणि नदीकाठच्या 'व्ह्यू'साठी तो पुष्कळांना होतो, त्याने नांगराचा खर्च आधी काढावा, किंवा जागा बदलावी. दुसरे स्वस्त पडते.

आता त्या डोळा मिचकावून दिलेल्या आश्वासनाकडे. पाया नाही म्हणजे कायद्याच्या नजरेत घर नाही, ही समजूत इतकी पसरली आहे की काही जण मुद्दाम पाया टाळतात. अभियंता बोल्ट सुचवतो आणि मालक म्हणतो, नको, मग ते पक्के बांधकाम होईल. न्यायालयांचा इतिहास पाहिला तर या चतुराईला फारसा आधार मिळत नाही. मुंबईत इंडियन ऑइलच्या तेलाच्या टाक्या नुसत्या स्वतःच्या वजनावर जमिनीवर बसलेल्या होत्या, नट-बोल्टने जखडलेल्या नव्हत्या. महापालिकेने त्यांवर मालमत्ता कर लावला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९० च्या सुमारास लागलेल्या निकालात महापालिका जिंकली : टाक्या हलवण्यासाठी ठेवलेल्या नाहीत, कायम राहण्यासाठी उभ्या केल्या आहेत, एवढे पुरे ठरले. उलट बाजूची उदाहरणेही आहेत. २०१० मध्ये डांबर मिसळण्याची यंत्रे दीड फूट खोल पायाला बोल्टने जखडलेली असूनही ती स्थावर ठरली नाहीत, कारण बोल्ट होते ते यंत्र थरथरू नये म्हणून. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मोबाइल मनोरे आणि त्यांच्या बुडाशी असणाऱ्या तयार बनावटीच्या खोल्या यांच्याबद्दलच्या, पुण्यातून सुरू झालेल्या कराच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने मुंबई उच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल फिरवून त्या जंगम ठरवल्या; उघडून, सुट्या करून दुसरीकडे नेता येतात आणि नेल्या जातात, म्हणून.

हे सगळे कराचे खटले आहेत, आणि एका कायद्यातली व्याख्या दुसऱ्यात जशीच्या तशी चालत नाही, हे मान्य. पण तिन्हींत न्यायालयाने बोल्ट मोजले नाहीत. वस्तू तिथे कशासाठी आणि किती काळासाठी ठेवली आहे हे पाहिले. परवानगीच्या बाबतीत तर प्रश्न आणखी सरळ आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात 'विकास' या व्याख्येत जमिनीत, जमिनीवर आणि जमिनीखाली केलेली बांधकामे येतात आणि जमिनीच्या वापरातला मोठा बदलही येतो. शेतकऱ्याने शेतीच्या कामासाठी शेतात घर करणे याला कायद्यात स्वतंत्र जागा आहे. पण बागेत चार कंटेनर ठेवून ते शनिवार-रविवार मुंबईकरांना भाड्याने देणे हा वापरातला बदल आहे, मग ते ठोकळ्यांवर ठेवा, चाकांवर ठेवा की दोरीने टांगा. परवानगी लागत असेल तर पाया काढून ती टळत नाही, आणि लागत नसेल तर पाया घातल्याने काही बिघडत नाही. तेव्हा महानगर प्राधिकरणाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या दारात काय ते विचारून घ्यावे आणि पाया मातीला जो हवा तो घालावा. कायदा चुकवण्यासाठी निवडलेला पाया कायद्यालाही फसवत नाही आणि काळ्या मातीला तर मुळीच नाही.

पाया न घालणे योग्य असते अशी ठिकाणे आहेत, आणि त्यांचा आदर्श नाशिकपेक्षा कुणी जास्त पाहिलेला नाही. सिंहस्थात तपोवनातले साधुग्राम उभे राहते आणि पर्व सरले की उठते. २०१५ मध्ये ते झाले, २०२७ साठी पुन्हा तयारी चालू आहे. तिथे तंबू, पत्र्याचे निवारे, तयार केबिन यांना कायमचा पाया घालणे हा मूर्खपणा ठरेल. जमीन परत मोकळी व्हायची आहे. धरणाच्या किंवा रस्त्याच्या कामावरची साइट ऑफिसे तशीच. मुदत ठरलेली असते, देखभाल करणारा रोज हजर असतो, घर वाकडे झाले तर जॅक लावून पातळी साधली जाते. फिरते घर आणि फिरता पाया, दोन्ही प्रामाणिक.

बिघडते ते 'तात्पुरते' हा शब्द आपण मुदतीशिवाय वापरतो तेव्हा. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळून ८७ माणसे गेली. वाचलेल्यांची तात्पुरती सोय कंटेनरमध्ये झाली आणि कायमची घरे म्हाडाने प्रीफॅब तंत्राने, म्हणजे झटपट, उभारायचे ठरले. दोन वर्षांनंतरही कुटुंबे कंटेनरमध्येच होती. इर्शाळवाडीची दरड १९ जुलै २०२३ च्या रात्री आली. तिथल्या वाचलेल्यांचाही मुक्काम चौकजवळच्या कंटेनरांच्या छावणीत पडला. भिंती आणि छप्पर कारखाना आठवड्यात देऊ शकतो. सुरक्षित जमीन, तिचे सपाटीकरण, पाणी, रस्ता आणि पाया मात्र जागेवरच, जागेच्या गतीने घडवावे लागतात. प्रीफॅबने वाचवलेला वेळ त्या घराच्या खालच्या तीन-चार फुटांत पुन्हा खर्च होतो. सरकारला हे जड जाते, तर शेतात स्वप्नातले घर ठेवणाऱ्या एकट्या कुटुंबाला ते सोपे कसे जाईल?

खासगी घराच्या बाबतीत या खालच्या तीन-चार फुटांचा कुणी धनीच नसतो. कोटेशनच्या शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ असते : पाया, मोरी, सेप्टिक टँक, अर्थिंग ग्राहकाकडे. कारखान्याचा अभियंता जागा पाहत नाही, कारण त्याचे काम ट्रेलर सुटला की संपते. गावातला गवंडी घराचा आराखडा पाहत नाही, कारण त्याला तो कुणी दिलेलाच नसतो. तो आपल्या अंदाजाने चार ठोकळे उभे करतो, आणि हायड्रा दारात तासाच्या भाड्याने उभा असताना कळते की कंटेनरचे कोपरे ठोकळ्यांच्या चार इंच बाहेर पडताहेत. मग पट्ट्या, लाकडाचे तुकडे, फरशीचे कपचे सरकवून पातळी साधली जाते. अर्थिंग तर राहूनच जाते. सबंध लोखंडी घर, मे महिन्यात भेगाळणारी कोरडी काळी माती आणि वैशाख-ज्येष्ठातल्या विजा, याचा विचार तांब्याची पट्टी आणि कोळसा-मिठाचा खड्डा यांच्यासह पायाबरोबरच व्हायला हवा. नंतर आठवण होते ती बाथरूमच्या नळाला झटका बसल्यावर.

हा अडसर तंत्राचा नाही, करारातल्या त्या एका ओळीचा आहे, आणि ती बदलता येते. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी ग्राहकाने विक्रेत्याकडे तीन कागद मागावेत. घर नेमक्या कोणत्या बिंदूंवर टेकणार आणि प्रत्येक बिंदूवर खाली किती भार येणार. वाऱ्यात त्याच बिंदूवर वर ओढणारा जोर किती आणि त्यासाठी बोल्ट कोणता. आणि जमीन किती मिलिमीटर हलली तर हे घर सहन करेल, त्यानंतर जॅक कुठे लावायचा. तिसरा कागद बहुतेक विक्रेत्यांकडे आज नसेल. तो नसेल तर त्या घराची किंमत अजून पूर्ण सांगितलेली नाही, असे समजून घासाघीस तिथून सुरू करावी.